प्रज्ञाने आधीच सांगितलेली खरखर

पहूरच्या प्रज्ञा सुरवाडेला कुणी विचारलं, "काय काम करतेस गं?" तर ती सांगायची, "गोंगाट शोधते. कानाला ऐकू न येणारा." विचारणारा तिच्याकडे बघतच राहायचा. तिच्या मावशीने तर एकदा आईकडे तिची चौकशीच केली, पोरीचं बरं चाललंय ना म्हणून!

पण काम खरंच तसं होतं. जळगावच्या एमआयडीसीत हितेंद्रभाऊंच्या छोट्या कारखान्यात पंपाच्या मोटरीला हवा तेवढाच वेग देणारी पेटी बनते. तिला ड्राइव्ह म्हणतात. ही पेटी सेकंदाला हजारो वेळा वीज तोडते आणि जोडते, आणि त्या खटाटोपात विजेचा गोंगाट बाहेर पडून शेजारच्या यंत्रांचं डोकं फिरतं. तो किती होईल, कुठल्या तारेतून निघेल, हे पेटी बनवण्याआधीच कॉम्प्युटरवर मांडून बघायचं, हे प्रज्ञाचं काम.

रावेरच्या केळीवाल्यांच्या गटाने चार पेट्या लावून बघायला नेल्या. आठवडा झाला नाही तोच गटातल्या सुकदेवआबांचा फोन आला. मोटर सुरू केली की ठिबकचे व्हॉल्व्ह आपोआप उघडत होते, बंद होत होते. एका बागेत तळं साचलं, दुसरीत थेंब नाही.

हितेंद्रभाऊ मुळातच तापट. "कॉम्प्युटरवरची चित्रं शेतात चालत नाहीत, प्रज्ञा! रविवारी सगळा गट बघायला येणार आहे. त्यांनी नाही म्हटलं, तर पेटीतले बोर्ड बाहेरून तयार आणायचे आणि तू दुरुस्तीच्या काउंटरवर बसायचं."

प्रज्ञाला ते फार लागलं. सहा वर्षं घासून उभं केलेलं काम, आणि माणूस एका वाक्यात निकाल लावून मोकळा! डोळ्यात पाणी आलं, पण तिने ते भाऊंना दिसू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती रावेरला गेली. सोबत बाबांचा, म्हणजे पितांबर मेकॅनिकचा, छोटा रेडिओ घेतला. असल्या गोंगाटाने रेडिओ खरखरतो, म्हणजे वास काढायला तेवढा पुरे.

आबांच्या पंपघरात शिरली आणि तिने कपाळावर हात मारला. पेटीपासून मोटरीकडे जाणारी वायर सरळ नव्हतीच. उरलेली पंचवीस फूट वायर छान गोल गुंडाळून खिळ्याला टांगली होती. रेडिओ गुंडाळीजवळ नेला, तर तो नुसता किंचाळला.

"आबा, ही वायर कापली का नाही?"

"कापू काहाले व माय?" आबा चकितच झाले. "उद्या बोर आटला, मोटर लांब गेली, तं वायर कुठून आणू? चांगली वायर कोणी कापते का?"

बाकी तिन्ही पंपघरं पाहिली. चारही ठिकाणी तेच! प्रज्ञाला स्वतःचाच राग आला. मेकॅनिकच्या घरात वाढलेली पोर ती, तिच्याच घरात अशा गुंडाळ्या टांगलेल्या. आणि कॉम्प्युटरवर मात्र तिने पुस्तकातली सरळ, मापाची वायर काढली होती. कापा म्हणून सांगणं सोपं होतं, पण ऐकणार कोण? ती मनाशी म्हणाली, वायर कापली जाणार नाही, हे धरूनच पेटी बनली पाहिजे.

जळगावला परत आल्यावर तिने गुंडाळी मोजून मापून कॉम्प्युटरवर टांगली. पडद्यावरची गोंगाटाची रेघ सुळक्यासारखी वर गेली. चोर सापडला! मग गोंगाट अडवणारी कॉइल कुठे बसवायची, अर्थिंग कुठून घ्यायचं, हे बदलत राहिली. अकरा वेळा हात टेकले, बाराव्यांदा रेघ खाली बसली. शनिवारी तशी एक पेटी तयार झाली.

रविवारी आबांच्या बागेत चाळीसेक माणसं जमली. नवी पेटी जोडून मोटर सुरू केली, गुंडाळी खिळ्यावरच होती, आणि व्हॉल्व्ह जागचा हलला नाही. भाऊंच्या जिवात जीव येतो न येतो, तोच गटातले सुपडूनाना पुढे सरसावले. खोड काढल्याशिवाय ज्यांना जेवण जात नाही, असे ते गृहस्थ. त्यांनी ट्रॅक्टरमधून स्वतःची भलीमोठी गुंडाळी आणून धप्पकन टाकली. "ऐंशी फूट हाये. हे लावून दाखव, मंग मानतो तुले."

भाऊ पांढरेफटक पडले. एवढी वायर कुणीच तपासली नव्हती. "नाना, ती पुढच्या वेळी..." ते पुटपुटले.

"थांबा भाऊ," प्रज्ञा म्हणाली. तिने वेढे मोजले आणि बांधावर बसून लॅपटॉप उघडला. दहा मिनिटं ऐंशी फुटांचं गणित चाललं.

"लावा," ती उठून म्हणाली. "व्हॉल्व्ह हलणार नाहीत. पण रेडिओ थोडा खरखरेल. सगळीकडे नाही, फक्त काटा हजाराच्या आकड्याजवळ असेल तेव्हा. तिथून पुढे-मागे साफ."

"आधीच सांगते व्हय?" नाना हसले. "बघतोच."

गुंडाळी जोडली. मोटर घुमली. व्हॉल्व्ह गप्प. नानांनी रेडिओ हातात घेतला आणि काटा सावकाश फिरवायला लागले. सहाशेला साफ. आठशेला साफ. भाऊंनी डोळेच मिटले होते. काटा हजारावर आला, आणि रेडिओ खरखरला! नानांनी काटा पुढे नेला, साफ. मागे आणला, खरखर. पुन्हा पुढे, पुन्हा मागे.

खरखरीला टाळ्या पडल्याचं रावेर तालुक्यात कुणी ऐकलं नसेल, त्या दिवशी पडल्या.

"हितेंद्रभाऊ," सुपडूनाना रेडिओ न सोडता म्हणाले, "आमच्या गटाले पेट्या पाह्यजेत. पण दुसऱ्या कोणी बनवलेल्या नको. या पोरीनं बनवलेल्याच."

भाऊंनी प्रज्ञाकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर हात जोडले. ती मात्र वहीत लिहीत होती : गुंडाळी, ऐंशी फूट, हजारावर खरखर. पुढच्या पेटीत ती खरखरही घालवायची होती.