ईश्वरीच्या नावानं बारामती ते इंदापूर, पायी

ज्यांना बारामतीहून इंदापूरला चालत जायची हौस आहे, त्यांनी आधी डोकं तपासून घ्यावं. एसटी आहे, बायकांना अर्धं तिकीट आहे. पण आमच्या ईश्वरीच्या नावानं चालायचं होतं, म्हणून निघाले.

ईश्वरी माझी पुतणी, चौथीतली. गेल्या हंगामात तिन्हीसांजेला माझा दीर संपत तिला मोटारसायकलवर घरी आणत होता. रस्त्यात उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी, मागं दिवा नाही. संपत वाचला, पोरगी गेली. तिची आई, माझी जाऊ मंगल, त्याला एकच विचारायची, "एवढी मोठी ट्रॉली तुमाला दिसली न्हाय?" पुढं तिनं बोलणंच टाकलं.

गल्लीतल्या मंडळानं पदयात्रा काढली. वर्गणीतनं रेडियमच्या लाल पट्ट्या घ्यायच्या, वाटेत भेटेल त्या ट्रॉलीच्या मागं चिकटवायच्या. काम चांगलं. फ्लेक्सवर मात्र मंडळाचे चेहरे कलिंगडाएवढे आणि ईश्वरी कोपऱ्यात लिंबाएवढी.

पहिला दिवस भवानीनगरपर्यंत. सावली शोधू नका, नवे बूट घालू नका. चहा दहा रुपये, गोड एवढा की चमचा उभा राहावा. फाट्याफाट्यावर सत्कार, शाल, नारळ, फोटो. नारळ वाहून माझा खांदा गेला. मधल्या वेळेत रिकाम्या ट्रॉल्यांच्या मागच्या फळ्यांना पट्ट्या लावल्या. ट्रॅक्टरच्या तोंडाला गोंडे, रंगीत दिवे, कानठळ्या बसवणारी गाणी. मागं बघावं तर सगळं बोडकं.

एका ड्रायव्हरला म्हटलं, "तोंड नवरदेवासारखं सजवलंस, आन् पाठ?"

"मावशे, मागचं मागल्यानं बघावं!"

मंगल शेजारीच उभी होती. ही कोण, ते मी त्याला सांगितलं. त्यानं गाणं बंद केलं आणि स्वतःच्या उपरण्यानं फळी पुसून दिली.

दुसऱ्या दिवशी त्याच ट्रॉल्या भरून आल्या आणि आमची अक्कल दिसली. ऊस फळीच्या बाहेर हातभर लोंबत होता, पट्ट्या पार झाकलेल्या. जन्म उसात गेला आमचा, पण एकालाही हे सुचलं नव्हतं. मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, "काकू, फोटो तर झ्याक आल्यात."

मी फ्लेक्स ओढला आणि एका ड्रायव्हरच्या विळ्यानं फाडायला घेतला.

"ओ काकू, माझा चेहरा हाय त्यावर!"

"त्यावरच चिकटवते. कधी न्हाय तो उजेड पडंल."

ईश्वरीचा कोपरा मंगलनं कापून घेतला. बाकीच्या तुकड्यांना पट्ट्या लावून आम्ही ते लोंबत्या उसाला सुतळीनं बांधत सुटलो.

लासुर्ण्याच्या पुढं उजेड गेला. या रस्त्याला अंधारात चालू नका. आम्ही चाललो. मंगल सगळ्यांच्या पुढं, तरातरा. समोरच्या गाडीचा झोत डोळ्यांवर आला, गेला, आणि मंगल एकदम थांबली. तोंडाला उसाचं पाचट लागलं होतं. पुढ्यात भरलेली ट्रॉली उभी, घराएवढी. आम्हा कुणालाच दिसली नव्हती.

ती मागं वळली. संपत निघाल्यापासून सगळ्यांच्या मागंच चालत होता.

"अवो," ती म्हणाली, "खरंच दिसत न्हाय वो."

संपत रस्त्याच्या कडेला मटकन बसला. ती त्याच्याजवळ जाऊन बसली. अध्यक्षानं मोबाईल काढला, मी त्याच्या हातावर फटका मारला.

इंदापुरात भाषणं झाली. ऐकली नाहीत, तुमचंही काही अडलेलं नाही. येताना एसटीनं आलो.

आता लोक विचारतात, एवढं चालून काय मिळालं? पट्ट्या हंगाम संपेपर्यंत टिकल्या तरी खूप. पायाचे फोड अजून आहेत. काल संध्याकाळी मात्र भिंतीपलीकडं मंगल आणि संपत आमटीतल्या मिठावरनं कडाकडा भांडत होते. मी टीव्ही बंद केला आणि ऐकत बसले.