पडवीपासून संडासापर्यंत

कागदावर मी नर्स नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी खोट काढायला नको. शिक्षण चौथी. पाचवीत मास्तरांचं आणि माझं पटलं नाही. पुढे रत्नागिरीत एका खासगी हॉस्पिटलात वॉर्डबॉय म्हणून लागलो आणि चोवीस वर्षं पेशंट उचलले, आंघोळी घातल्या, कुशी बदलल्या. पेशंटची सख्खी पोरं जे बघून नाक धरून बाहेर जायची, ते मी पुसलं. हॉस्पिटलात आया असते ती मावशी आणि आमच्यासारखा तो मामा. अर्ध्या जिल्ह्याचा मी मामा झालो होतो.

मग नव्या इन-चार्ज सिस्टर आल्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी सगळ्या मामा-मावश्यांची लेखी परीक्षा काढली. पहिलाच प्रश्न, अंथरुणावरच्या रुग्णाला स्पंजिंग कसे द्याल?

मी म्हटलं, "मोठ्या डॉक्टरांना झोपवा खाटेवर, देऊन दाखवतो."

"लिहून दाखवा, मामा."

"लिहून कोणाचं अंग पुसलं जात नाही," म्हटलं, युनिफॉर्मचा शर्ट काढून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि बनियनवर घरी आलो. बायको म्हणाली, "नोकरी सोडलीत ती सोडलीत, शर्ट कशाला सोडलात? आपल्या पैशांनी शिवलेला." ते मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. परत मागायला काही मी गेलो नाही.

आठ दिवसांत ओळखीच्या मेडिकलवाल्याचा निरोप आला. आरे-वारेच्या रस्त्याला एक म्हातारा आहे, बोटीवर सारंग होता, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. लकव्याने डावी बाजू गेली आहे. घरी राहून बघणारा माणूस पाहिजे. दोघे येऊन पळून गेले.

"का पळाले?"

"जीभ शाबूत आहे त्याची," मेडिकलवाला म्हणाला.

गेलो. सारंग पडवीत खाटेवर पडला होता. मला त्याने खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"कोण तू?"

"मामा म्हणतात मला."

"माझी आई तुझी बहीण होती काय? मामा म्हणे! कुठून आलास?"

"हॉस्पिटलातून."

"मग हॉस्पिटलच म्हणीन. ए हॉस्पिटल, जरा पाणी दे."

तेव्हापासून त्या घरात मी हॉस्पिटल. त्याची बायको तेवढी मामा म्हणायची. तिने मला आत नेऊन खरी गोष्ट सांगितली. नवऱ्याला उचलून उचलून तिची कंबर गेली होती. मुलगा मुंबईला, सातव्या मजल्यावर. तो म्हणत होता, दोघंही इकडे या, इथं सगळी सोय आहे. सारंग म्हणत होता, मला तिकडे न्यायचं तर मेल्यावर न्या. मग बापलेकांत फोनवर ठरलं, की मुलगा शिमग्याला येईल, तोवर बाप आपल्या पायांनी संडासला जाऊन परत आला तर राहील इथंच. नाहीतर सातवा मजला.

"आणि तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला माझी कंबर वाटते," ती म्हणाली.

संडास घराबाहेर, खळ्याच्या, म्हणजे पुढच्या अंगणाच्या, पार टोकाला. मुलाने खाटेजवळ ठेवायला कमोडची खुर्ची पाठवली होती. सारंगाने तिच्यावर बसायला नकार दिला. "जिथे जेवतो तिथेच हगू? मी काय पिंजऱ्यातला पोपट?" त्या खुर्चीवर आता मांजर झोपत होतं. मी पावलं मोजली. पडवीपासून संडासापर्यंत सव्वीस. शिमग्याला होते दोन महिने. मनात म्हटलं, यापेक्षा वाईट पेशंट चालवलेत आपण.

पण हॉस्पिटल वेगळं आणि घर वेगळं, हे मला तिथं कळलं. हॉस्पिटलात पेशंट आपल्याला घाबरतो. अंगावर त्यांचेच कपडे, खाटेला नंबर, भेटायची वेळ ठरलेली. घरात खाट त्याची, पडवी त्याची, आणि बघायला येणाऱ्यांना वेळकाळ नाही. बिस्किटाचा पुडा घेऊन येतात आणि मलाच शिकवतात. एक म्हणाला कबुतराचं रक्त चोळा. सारंग म्हणाला, "आधी तुझं चोळून बघू, तेही बिनकामाचंच आहे." पुडा ठेवून गेला बिचारा.

हॉस्पिटलात आम्ही पेशंटच्या बगलेत हात घालून, कमरेला विळखा घालून चालवायचो. तसं धरलं की सारंग अंग सोडून द्यायचा. मुद्दाम. सत्तर किलोचा माणूस.

"धरू नको! मी पोतं आहे काय?"

"पडाल."

"पडीन. दोर बांध."

"कसला दोर?"

"इथून संडासापर्यंत. वादळात डेकवर दोर बांधतात, तो धरून माणसं चालतात. एवढी बोट हलते, तरी चालतात. इथं काय, हलणारा मी एकटा."

मी म्हटलं, दोर हा काही उपचार नाही. चार दिवस आमचं भांडण चाललं. मीही हट्टी आहे, चोवीस वर्षं केलं ते काय खोटं? पाचव्या दिवशी त्याने चहा सोडला. त्याची बायको माझ्याकडे असं बघायला लागली की जणू चहा मीच बंद केला. बांधला दोर.

बांधला म्हणजे तीनदा सोडून चौथ्यांदा बांधला. पहिला दोर त्याने बोटांनी चाचपून टाकून दिला. "ही सुतळी आहे, पुडीला बांध." मग माळ्यावरून काथ्याचा जाड दोर काढवला. पडवीच्या खांबापासून, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेकडेने, मधल्या आंब्याला एक वेढा, आणि पुढे संडासाच्या बाहेरच्या खांबाला. माझी गाठ बघून म्हणायचा, "ही गाठ आहे की वाताचा गोळा?" शेवटी खाटेवर बसून एका हाताने त्याने गाठ घालून दाखवली. दोन्ही हात शाबूत असून मला ती जमायला अख्खी दुपार गेली.

आणि चालला. उजव्या हातात दोर, डावा पाय फरफटत, तोंडाने माझा उद्धार. पहिल्या दिवशी तीन पावलं. दोन आठवड्यांनी आंब्यापर्यंत, म्हणजे निम्मं. तिथं मी प्लास्टिकची खुर्ची ठेवायचो. बसला, दम घेतला की शेजाऱ्याला हाक मारून दोघं खुर्चीसकट उचलून पडवीत आणायचो. पालखीच म्हणा ना. येताना तो राजासारखा बसायचा. आणि आम्हा दोघांना, एकालाही, पुढचं सुचलं नाही. हे लक्षात ठेवा.

शिमग्याच्या आधी तो पार संडासाच्या पायरीपर्यंत जायला लागला. परत खुर्ची होतीच.

मुलगा आला. चांगला माणूस, हळू बोलणारा. आईची कंबर बघून त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "मामा, मी तिकिटं काढून आलोय. तिघांची. बघू, उद्या सकाळी बाबा काय करतात ते. जाऊन येऊ देत, मग बोलू."

सकाळी सारंगाने दाढी करवून घेतली. संडासला जायला! मग उठला, दोर धरला. मुलगा खळ्यात उभा, आई दारात. मी दोन पावलं मागे, हात पाठीमागे बांधून, कारण पुढे केले असते तर तोडले असते त्याने. आंबा ओलांडला, थांबला नाही. पायरी चढला, दाराला धरून आत गेला आणि आतून कडी लावली. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी छाती काढून उभा होतो. त्या इन-चार्ज सिस्टर तिथं असायला पाहिजे होत्या, असं वाटलं.

काम झालं, बादली वाजली, कडी निघाली. दारात सारंग उभा राहिला. दोराकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

जाताना दोर उजव्या हाताला होता. घराकडे तोंड केल्यावर तो डाव्या हाताला आला. डावा हात मेलेला. दोराच्या पलीकडून यावं, तर पलीकडे गडगा, मध्ये मांजरालाही वाट नाही.

"ए हॉस्पिटल," तो हळू म्हणाला, "तुला डोकं आहे काय?"

"दोर तुमचा होता," मी म्हटलं.

"चालवणारा तू होतास!"

चूक निम्मी त्याची होती, हे मी आजही सांगतो. निम्मी माझी.

मुलगा पुढे झाला. "बाबा, धरतो मी. या."

"हात लावशील तर इथंच बसेन," म्हणाला आणि आत जाऊन पुन्हा कडी लावली.

आता बाप संडासात, मुलगा बाहेर, तिकिटं खिशात. सारंगाच्या बायकोने कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. मीच माळ्यावर चढून उरलेला दोर काढला आणि खळ्यात टाकला. म्हटलं, दुसऱ्या अंगाला बांधतो. वाकलो, तर मुलाने दोर माझ्या हातातून घेतला.

"कसं बांधायचं, बाबा?"

आतून आवाज आला, "संडासाच्या दुसऱ्या अंगाच्या खांबापासून सुरुवात कर. मग खळ्यातल्या दोन्ही माडांना वेढा देत पडवीपर्यंत. ताण! अजून ताण! गाठ कोणती घातलीस?"

"साधी."

"साधी बुटाला घालतात. हॉस्पिटलला विचार, त्याला येते."

मी त्याला गाठ शिकवली. तासभर लागला. शेजारीपाजारी गडग्यावर टेकून बघत होते, कोणीतरी आत चहा सारायचा का म्हणून विचारलं. मग कडी निघाली. सारंग बाहेर आला, उजव्या हाताने नवा दोर दोनदा खेचून बघितला, आणि सव्वीस पावलं येऊन पडवीत बसला. घामाने सदरा भिजला होता. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवल्या असत्या तर शिव्या खाल्ल्या असत्या.

मुलाने दोर बोटांनी चाचपून बघितला. मग मला म्हणाला, "मामा, पावसात हा कुजेल ना? जायच्या आधी नायलॉनचा आणून देऊ?"

"नायलॉन ओला झाला की हातातून सटकतो," सारंग खाटेवरून ओरडला. "काथ्याचाच आण. दोन आण."