विमानाच्या नाकातलं लोखंड

माझ्या मामाचं वजनाशी हाडवैर होतं. छोट्या विमानासाठी तो टू-स्ट्रोक डिझेल इंजिन बनवत होता. डिझेल इंजिन मुळातच जड, म्हणून कानशीने घासून, भोकं पाडून तो ग्रॅम-ग्रॅम वजन उतरवायचा. त्या नादात दिवसदिवस कारखान्यात. घर, मुलं, आजारपणं सगळं मामीच्या गळ्यात. घरी आला की तिची बिडाची कढई हातात तोलून म्हणायचा, "एवढं धूड कशाला?"

"हलक्या भांड्यात करपतं. हात लावू नका," मामी फटकारायची.

अखेर इंजिन विमानाच्या नाकात बसलं आणि विमानाचं शेपूट जमिनीला टेकलं! विमान बांधलेलं होतं आधीच्या, जड इंजिनाच्या हिशेबाने; मामाचं त्याहून कितीतरी हलकं झालं होतं. वजन उतरवण्याच्या धांदलीत हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तोल साधायला नाकात लोखंडाचा ठोकळा बसवावा लागला. त्याचे बोल्ट मामानेच आवळले, दातओठ खात.

घरी त्याने हे सांगितलं तेव्हा मला हसू आवरेना. मामी मात्र हसली नाही. कढई शेगडीवर ठेवत म्हणाली, "एक जण हलका होऊन उडायला निघाला, की दुसऱ्याला जड होऊन बसावंच लागतं. मला विचारा."