पूजेतला बेल्ट

आमच्या ह्यांना उंचीची भीती कधीच नव्हती. भीती होती ती माणसांच्या विसरभोळेपणाची. दुबईपलीकडच्या फुजैराच्या बंदरावर तेलाच्या टाक्यांना रंग द्यायचा, वेल्डिंग करायचं, तर आधी परांची लागते. ती बांधून द्यायचा आमचा धंदा. आठ कामगार, एक पिकअप आणि हे. "पाय जमिनीवरून सुटायच्या आधी कमरेच्या बेल्टचा हुक अडकला पाहिजे," हे वाक्य लग्नानंतर मी जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा "चहा छान झालाय" ऐकलं असतं, तर माझा स्वभाव जरा तरी गोड झाला असता.

घरातसुद्धा तेच. मी वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टुलावर चढले की हे धावत येऊन स्टूल धरणार. "दोन पाय आणि एक हात, नाहीतर दोन हात आणि एक पाय. कायम तीन गोष्टी टेकलेल्या हव्यात."

"अहो, रवा काढतेय मी. एव्हरेस्ट नाही चढत."

"पडणाऱ्याला रवा काय नि एव्हरेस्ट काय!"

एकदा एका कामगाराने हुक न लावता फळीवर पाय ठेवला, तर ह्यांनी त्याला भर दुपारी खाली उतरवून कॅम्पवर पाठवून दिलं होतं. "खलास, आज तेरा काम खत्म." तो बिचारा हात जोडत होता. हे ऐकतात कसले!

अशा माणसाकडे एक दिवस आमचा अरबाब आला. ज्याच्या नावावर आमचं लायसन्स होतं तो. तसा भला माणूस. धैदच्या रस्त्याला त्याचं खजुराचं शेत होतं, आणि शेतावर त्याचे वडील राहायचे. त्यांना आम्ही सगळे बाबा म्हणायचो. बाबांचं वय पंचाहत्तरच्या पुढे. तरुणपणी डोंगरात रानबकऱ्यांची शिकार केलेले, गलबतावरून मुंबईच्या फेऱ्या केलेले, त्यामुळे मुंबईचं हिंदी फर्डं बोलायचे. शेतावरच्या कोंबड्या कोल्हा नेत होता, आणि बाबांनी हट्ट धरला होता की झाडावर बसायला जागा करून द्या, त्याला मी बघून घेतो. मुलाने ह्यांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं, बंदूक देतोय, पण गोळ्या मी काढून ठेवल्यात. त्यांना फक्त बसायचंय. पडू नयेत, एवढंच बघ.

तर ह्यांनी मचाण बांधलं. लोखंडी चौकट, त्यावर फळी, आणि ती झाडाच्या बुंध्याला जाड विणलेल्या पट्ट्यांनी आवळलेली. चढायला शिडी, तीही बुंध्याला बांधलेली. आणि वरच्या फांदीपासून थेट जमिनीपर्यंत सोडलेला एक दोर. बेल्टची दोरी त्या दोराला खालीच अडकवायची आणि चढता चढता तिची गाठ वर सरकवत न्यायची. पाय निसटला तर गाठ आवळते आणि माणूस वीतभर खाली येऊन लटकतो, एवढंच. बंदूक घेऊन चढायचं नाही. आधी आपण चढायचं, बसायचं, मग दोरीने ती वर ओढून घ्यायची, नळी खाली. रिकाम्या बंदुकीलासुद्धा हाच नियम. ह्यांनी बाबांना सुट्टीचे तीन शुक्रवार नुसतं चढायला नि उतरायला शिकवलं.

बाबा पहिल्या दिवशी बेल्ट बघून कुरकुरले. मग स्वतःच हसून म्हणाले, "ठीक बोलता है. हमारे में बोलते हैं, पहले ऊँट बाँधो, फिर अल्ला पे छोडो." हे इतके खूश झाले की ते वाक्य त्यांनी कामगारांना पुढे वर्षभर ऐकवलं. मी ह्यांना उंटावरचा शहाणा म्हणायला लागले.

बाबा दोन थंड्या त्या मचाणावर बसले. संध्याकाळी तासभर बसायचे, अंधार पडायच्या आत खाली. कोल्हा दिसायचा, बाबा नेम धरायचे, आणि तो निघून जायचा. "कल मारेगा, इन्शाल्ला," म्हणून खाली उतरायचे. बंदुकीत गोळी नाही हे त्यांना माहीत होतं असं मला नेहमी वाटायचं.

आता ते झाड. तिथे त्याला घाफ म्हणतात. मी पहिल्यांदा त्याच्याखाली बसले आणि पानं हातात घेऊन बघितली. बारीक बारीक पानं, आखूड काटे, लांब शेंगा. अगं बाई, ही तर शमी! पांडवांनी अज्ञातवासात जाताना शस्त्रं लपवली ती शमी. पुण्यात दसऱ्याला आम्ही तिच्या चार काड्यांसाठी मंडईत घासाघीस करायचो आणि इथे ती वाळवंटात आपली आपण उभी. मला इतका आनंद झाला की मी झाडाला नमस्कारच केला. बाबांनी विचारलं, "क्या मांगा?" मी म्हटलं, "कुछ नहीं. पहचान का निकला."

दुसऱ्या थंडीनंतर एप्रिलमध्ये बाबा आजारी पडले. एरवी हे उन्हाळ्याआधी मचाण उतरवून आणायचे, कारण तिथलं ऊन पट्टे खातं. वरून धड दिसतात, आतून भुसा. पण त्या धावपळीत फक्त दोर आणि बाबांचा बेल्ट घरी आला. मचाण वरच राहिलं. ऑक्टोबरात बाबा बरे झाले आणि मचाण तयार करा म्हणून त्यांनी निरोपावर निरोप धाडले. ह्यांनी नवे पट्टे आणले. दोर आणि बेल्ट लावून, शिडीवरच उभं राहून, मचाणावर भार न टाकता जुने पट्टे बदलायचे, असं त्यांचं ठरलं होतं.

आणि शुक्रवारी खंडेनवमी आली.

आमच्याकडे खंडेनवमीला कामाच्या हत्यारांची पूजा व्हायची. मांडली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत त्यातली वस्तू हलवायची नाही, ही माझ्या सासरची पद्धत. ती मी ह्यांच्यापेक्षा कडक पाळायची. परदेशात राहिलं की माणूस जरा जास्तच पाळतं. पाटावर नट आवळायचे पाने, हातोड्या, गुंडाळलेला दोर आणि ओळीने नऊ बेल्ट, आठ कामगारांचे नि बाबांचा एक. ह्यांचा दहावा, सगळ्यांच्या मधोमध. दुबईहून मुद्दाम झेंडू आणला होता. प्रत्येक बकलाला हळदकुंकू लावलं. काय सुरेख दिसत होतं!

चार वाजता मी म्हटलं, शेतावर जाऊ या, उद्यासाठी शमीची पानं आणू. हे लगेच तयार झाले. पट्टेही बघून येतो म्हणाले. चप्पल घालता घालता त्यांनी पाटावरच्या आपल्या बेल्टकडे हात नेला.

"अहो! पूजेतला आहे तो."

"अगं, तासाभरात परत आणून ठेवतो."

"एकदा मांडलं की मांडलं. एक दिवस बेल्टशिवाय राहवत नाही का तुम्हाला?"

आमची मुलगी सोफ्यावरून म्हणाली, "आई, इट्स अ सेफ्टी बेल्ट. इट्स फॉर सेफ्टी."

"तू गप्प बस. प्रत्येकात तोंड घालायला नको."

ह्यांचा हात तिथेच होता. कामगाराला भर दुपारी हाकलणारा माणूस माझ्याकडे बघत क्षणभर उभा राहिला. मग हात खिशात घालून म्हणाला, "बरं बाई. आज पट्टे नाही बदलत. नुसती पानं आणू."

शेतावर बाबा चटई टाकून झाडाखाली बसले होते. कहवा झाला, खजूर झाला. खालच्या फांद्या शेळ्यांनी ओरबाडलेल्या, त्यांना पानच नाही. हे उठले आणि शिडीला हात घातला.

बाबा म्हणाले, "बेल्ट किधर?"

"आज उसकी पूजा है, बाबा. बेल्ट की छुट्टी."

बाबांनी जिभेने चक् केलं. "तो तुम भी छुट्टी करो. कल चढो."

"सिर्फ पत्ता तोडके आता हूँ."

असं म्हणून ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नको म्हटलं असतं तर ते चढले नसते, हे मला आजही पक्कं ठाऊक आहे. मी म्हटलं, "जपून हं." जपून! त्या शब्दाचा काय उपयोग असतो?

ते चढले. दोन पाय एक हात, अगदी नियमाने. मचाणाजवळ पोचून त्यांनी एक डहाळी मोडून खाली टाकली. ती जून होती. मी खालून ओरडले, "ती नको, ती पलीकडची बघा, कोवळी आहे." पलीकडची फांदी शिडीवरून हाताला येईना. त्यांनी एका हाताने मचाण हलवून बघितलं आणि मग एक पाय त्याच्यावर ठेवला.

पट्टा तुटल्याचा आवाजसुद्धा मोठा नव्हता. जुनी चादर टरकावी तेवढाच. फळी तिरकी झाली आणि हे चौदा-पंधरा फुटांवरून खालच्या खडीवर आले.

मी धावले. बाबा मात्र म्हातारपण विसरून माझ्याआधी पोचले होते. हे शुद्धीवर होते. डोळे मिटलेले, आणि बोलत होते. "हलवू नका मला. कुणी उचलायचं नाही. मान धरा दोन्ही बाजूंनी. अँब्युलन्सला फोन करा, पिकअपमध्ये घालू नका." स्वतःच पडलेले आणि स्वतःच सुपरवायझर. बाबांनी खडीवरच बसून ह्यांची मान दोन्ही तळव्यांत धरली, अँब्युलन्स येईपर्यंत सोडली नाही. मी फोन केला आणि मग ह्यांचा हात धरून बसले.

"इकडे ये," हे म्हणाले. मी कान जवळ नेला. "कुणी विचारलं तर सांग, मी विसरलो. बेल्ट घरी राहिला."

"अहो, पण मी..."

"विसरलो, एवढंच सांगायचं. यल्ला, चल, रडू नकोस."

उजव्या टाचेचा चुरा झाला होता आणि पाठीच्या एका मणक्याला तडा गेला होता. डोकं एका धोंड्यापासून हातभर लांब पडलं होतं, असं बाबांनी मला नंतर सांगितलं. चार महिने अंथरूण. चालायला लागले, पण लंगडत, काठी घेऊन. चढणं कायमचं बंद. परांचीच्या माणसाने परांचीखाली खुर्ची टाकून बसायचं.

बाबा हॉस्पिटलात यायचे. खजुराचा डबा ठेवून ह्यांच्या पायाशी बसायचे. ते उंटाचं वाक्य त्यांनी एकदाही उच्चारलं नाही. उच्चारलं असतं तर माझं ओझं जरा हलकं झालं असतं. मचाणावर ते पुन्हा बसले नाहीत. "वो कोल्हा जीत गया," म्हणायचे.

आणि हे? हे सगळ्यांना तेच सांगत राहिले. अरबाबाला, कामगारांना, पुण्याला फोनवर सासूबाईंना. विसरलो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असं एक नातेवाईक तोंडावर म्हणून गेले. हे नुसते हसले. मी चहा आणायच्या निमित्ताने आत गेले. तीन वर्षं मी अशी चहा आणायला आत जात होते.

चौथ्या वर्षीची खंडेनवमी. पाट मांडलेला, बेल्ट ओळीने ठेवलेले, आठही जण हॉलमध्ये मांडी घालून बसलेले. त्यांत एक नवीन आलेला कामगार होता. ह्यांनी खुर्चीत बसून त्याला नेहमीची गोष्ट सांगितली. "मैं भूल गया था. इसलिए ये लकडी है हाथ में."

तो नवीन माणूस बाकीच्यांकडे बघून म्हणाला, "जो सबको सिखाता है, वोही भूलता है!" दोघंतिघं हसले. तसं वाईट काही नव्हतं त्यात. पण ते हसू माझ्या अंगावर काट्यासारखं आलं.

"साहब भूले नहीं थे," मी म्हटलं.

"अगं, राहू दे."

"नाही राहू देत. साहबने बेल्ट उठाने को हाथ बढाया था. यहीं, इसी पाट के पास. मैंने रोका. बोली, पूजा का है, हाथ मत लगाओ. पत्ते भी मेरे को चाहिए थे."

हे खाली काठीकडे बघत होते. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

मग मी पाटावरचे बेल्ट उचलले. झेंडू खाली पडला, पडू दिला. एकेकाच्या हातात त्याचा त्याचा बेल्ट दिला आणि म्हटलं, "पहनो." सगळ्यांनी उभं राहून बांधले. मी तबक घेऊन एकेकापुढे गेले आणि कमरेवरच्या बकलाला हळदकुंकू लावलं. म्हटलं, आज किसीको ऊपर जाना पडे तो यही पहनके जाना. देव काही बोलणार नाही, बोलला तर माझ्याशी बोलेल.

शेवटचा ह्यांचा. पडल्यापासून तो नुसता पूजेपुरता खिळ्यावरून खाली यायचा.

"मला कशाला? मी तर खुर्चीवरच असतो."

"बांधा म्हणते ना."

काठी भिंतीला लावून हे उभे राहिले आणि बेल्ट बांधला. पोट सुटल्यामुळे शेवटच्या भोकात बसला. मी बकलाला हळद लावली, कुंकू लावलं, आणि मग मला पुढचं काही दिसेना.

"अगं, रडतेस काय," हे हळूच म्हणाले. "बकल भिजेल. लोखंड आहे, गंजायचं."

मी पदराने बकल पुसलं. कुंकूही पुसलं गेलं, म्हणून पुन्हा लावलं.