आकिल म्हणजे कोण

आखातात, मनामाच्या बाजारात अरबी कपड्यांच्या दुकानात मी कामाला होतो, त्याला चार वर्षं झाली होती. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला आमच्या अरबाबांनी, म्हणजे मालकांनी, व्हिसा दिला, हे उपकार मी कधी विसरलो नाही. आणि त्यांचं मन आपल्यावरून उडेल ही धास्तीही कधी गेली नाही. त्या साली ते सनाबिसला दुसरं दुकान काढणार होते. तिथे मुख्य म्हणून मला जायचं होतं.

तेवढ्यात आमच्या रत्नागिरीकडचाच एक बी.ए. झालेला दुकानात आला. तीन महिन्यांत अरबाब त्याला हाक मारायला लागले, "आकिल किदर?" मला मात्र नुसतं, "यल्ला, यल्ला!" म्हणजे चल, आटप.

माझा जळफळाट व्हायचा. शेवटी एका दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यालाच विचारलं, "काय रे, हे आकिल आकिल म्हणजे काय?"

"शहाणा माणूस, भाई. आपण अक्कल म्हणतो ना, ती अरबीच." मग त्याने काचेच्या कपाटातला अगाल उचलला. डोक्यावरच्या रुमालावर बसवतात तो काळा दोर. "हा आणि अक्कल एकाच घरचे. पूर्वी दोराने उंटाचा गुडघा बांधायचे, भटकू नये म्हणून. मनाला तसं बांधून ठेवतो तो आकिल."

"म्हणजे बांधलेला उंट शहाणा?"

"तुम्ही पण ना, भाई!" तो हसला.

ते हसणं मला लागलं. नुसतं डोकं बघून अगालाचं माप सांगणारा मी, आणि अगाल म्हणजे काय ते ह्याने मला शिकवावं!

दुसऱ्या दिवशी अरबाब आल्याबरोबर मोडक्यातोडक्या हिंदीत ती उंटाची गोष्ट मीच सांगून टाकली. ते एकदम खूश. "वल्ला! कौन बोला तुमको?"

तो माझ्या मागेच रुमालांच्या घड्या घालत होता.

"कोई नहीं, अरबाब. मेरे को मालूम था."

मागे घड्या चालूच राहिल्या.

सनाबिसचं दुकान मला मिळालं. मी निघालो त्या दिवशी तो माझी बॅग टॅक्सीपर्यंत घेऊन आला. "मुबारक हो, भाई," म्हणाला. चिडला असता, चार शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. दुकान मिळूनही टॅक्सीत बसल्या बसल्या मला त्याचाच हेवा वाटत होता.