दामूकाकांची पोकळ नळी

तार जितकी जाड तितकी चांगली, असं तुम्हीही न तपासता मानत आला आहात ना? मग कोलशेतच्या त्या कारखान्यातल्या साहेबांशी तुमचं छान जमेल.

दामूकाका गेले त्या सकाळी त्यांच्या पत्नी शारदाकाकू आमच्या दारात येऊन नुसत्या उभ्या राहिल्या… कोपरच्या चाळीत आमची भिंतीला भिंत. पाच आठवडे झाले. शोकसभेत साहेब म्हणाले, "दामू म्हणजे शिस्त!" टाळ्या मागितल्या नाहीत, एवढीच त्यांची सभ्यता. याच माणसाने काकांना निष्काळजी ठरवून घरी बसवलं होतं.

काका त्या कारखान्यात पोलाद वितळवणारी विजेची भट्टी सांभाळायचे. मी कॉलेजात असताना कामगारांच्या हक्कांची पत्रकं वाटत असे. एक वाचून काका म्हणाले, "अगं, घोषणा सात आणि पुरावा एकही नाही. साहेब यात भजी बांधेल." मग माझ्या हातात तांब्याच्या नळीचा एक तुकडा दिला. "फुंक मार. पोकळ आहे ना? आमच्या भट्टीची वीज सेकंदाला हजार वेळा उलटसुलट होते. अशी वीज तांब्याच्या पोटात शिरत नाही, कातडीवरूनच पळते. मधलं तांबं आयतं बसून खातं. त्यापेक्षा तिथून पाणी सोडावं, नळी थंड राहते."

साहेबांना हे कोण सांगणार? त्यांनी भट्टीकडे वीज नेणाऱ्या रुंद, पातळ, म्हणजे कातडीच जास्त असलेल्या पट्ट्या काढल्या आणि तेवढ्याच वजनाचा एक भरीव दांडा बसवला. मजबूत दिसतो म्हणून! खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. दांड्याची पूजा झाली. तो सांभाळणाऱ्याला मात्र कुणी विचारलं नाही. दुसऱ्या पाळीत भट्टी थांबल्याबरोबर काकांनी त्या दांड्यावर मेणाचा एक तुकडा ठेवला आणि शेजारच्या भट्टीच्या पट्टीवर दुसरा. दांड्यावरच्या मेणाचं पाणी झालं, पट्टीवरचं तसंच राहिलं. चार फिटर बघत होते. साहेब हसले, "दामू, मेणबत्त्या विकायला काढतोस की काय?"

आठवड्यात दांड्याचा सांधा जळाला. काकांच्या नावाने मेमो आला : नट ढिले ठेवले. चौघा फिटरांनी त्याखाली साक्षीदार म्हणून सह्या केल्या. माफीनामा लिहिला असता तर नोकरी टिकली असती. काका म्हणाले, "आवळलेल्या नटाची माफी कसली मागू?" पुढे डोंबिवलीत इस्त्र्या दुरुस्त करत राहिले. कारखान्यात पट्ट्या गुपचूप परत बसल्या. मेमो मात्र कुणी परत घेतला नाही. शोकसभेत ते चौघे पहिल्या रांगेत माना खाली घालून बसले होते. दुःख म्हणे! दुःखाला कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून ते स्वस्त पडतं.

मी फुंकलेली ती नळी अजून काकूंच्या खिडकीत आहे. तो मेमो गुंडाळून काकांनी तिच्यातच ठेवला होता… काकू रोज ती पुसतात, कागद बाहेर काढत नाहीत.

तुमच्या ओळखीत त्या चौघांपैकी कुणी असेल, तर हा लेख त्याच्या हातात द्या. मेण कुठे वितळलं, एवढंच त्याने दोन ओळींत लिहावं, खाली सही करावी आणि काकूंना नेऊन द्यावं. नळीत अजून जागा आहे.