पुण्याहून मागवलेले दागिने

एका संक्रांतीला मी माझ्या आईच्या हातचे हलव्याचे दागिने पुण्याहून मागवलेत म्हणून घरभर बसलेल्या बायकांना सांगितलं, आणि त्या वेळी आई चार हातांवर, स्वयंपाकघराच्या दाराआड बसलेली होती. चूक आधीच सांगून टाकते. म्हातारीनं गोष्ट लांबवत नेली आणि शेवटी स्वतःला झाकून घेतलं, असं म्हणायला तुम्हाला जागा नको. तुम्ही म्हणजे सगळेच, अळणावरकडं राहिलेले आणि बंगळूर-पुण्याला जाऊन तिथलेच झालेले.

मी गाव सोडलं ते लग्नानंतर पाचव्या दिवशी. अळणावर स्टेशनात हुबळीची पॅसेंजर उभी होती. हे ट्रंक वर चढवत होते आणि खिडकीखाली अव्वा उभी होती. आईला मी अव्वाच म्हणायची. ती गावातल्या लाकडाच्या वखारवाल्यांकडं स्वयंपाकाला जायची, त्या दिवशी अर्धा दिवस मागून आली होती. पदराला फोडणीचा वास होता. ती म्हणाली, "कुणाच्या पुढं पुढं करू नको, आणि कुणाच्या मागं बी दडू नको." मी हो हो म्हटलं. लक्ष कुठं होतं म्हणाल, तर समोरच्या बाकावर एक धारवाडकडची बाई बसली होती, तिनं पदर कसा घेतलाय त्याच्याकडं. गाडी सुटली, अव्वा मागं राहिली, आणि ही नवी नवरी धारवाड येईस्तोवर स्वतःचा पदर तसा घेऊन बघत होती. इतकी बिनडोक पोरगी मी पुढं आयुष्यात पाहिली नाही, आणि तिच्याशी मला अजून रोज आरशात बोलावं लागतं.

जुन्या हुबळीत आमच्या दोन खोल्या होत्या. हे सरकारी कचेरीत कारकून. मालकीण नीलक्का खाली राहायची, तिच्याशी कानडी बोलायचं, ते मला येतच होतं. अडचण मराठीची होती. आमच्या गावाकडं बायकासुद्धा "मी जातो, मी येतो" म्हणतात. आमच्या गल्लीत वकील, मास्तर, मामलेदार कचेरीतले, त्यांच्या बायका "मी जाते, मी येते" म्हणणाऱ्या. मी सहा महिन्यांत जीभ वळवली. अव्वाची आई केली. भाकरी थापताना कुणी आलं तर परातीवर ताट झाकायची, जणू भाकरी म्हणजे काही लपवायचा माल. आमच्या घरात काय शिजतंय याची त्या बायकांना काडीची पर्वा नव्हती, हे कळायला मला म्हातारं व्हावं लागलं.

माझी लेक नंदा आठ महिन्यांची असताना तिकडं माझे वडील, अप्पा, गेले. मी एकुलती. चुलत भावांनी घर ताब्यात घेतलं आणि अव्वाला मागची पडवी दिली. वखारवाल्यांच्या घरी नवी सून आली होती, तिनं स्वयंपाकाला दुसरी बाई ठेवली. म्हणजे अव्वाला ना घर राहिलं ना काम. हे आपण होऊन म्हणाले, आईंना इकडंच आण. देवमाणूस. मी त्यांच्या एवढ्यातेवढ्या पगारावर तोंड वाकडं करायची, ते वेगळं.

मार्गशीर्षात अव्वा आली, एक पिशवी आणि एक पितळी परात घेऊन. पहिल्याच दिवशी तिनं जावयासमोर नाही, मला एकटीला सांगितलं की नातीचं तोंड बघितलंय, आता लेकीच्या घरी जेवायला हरकत नाही. पण पाहुणी म्हणून जेवणं निराळं आणि कायमचं राहणं निराळं. कायमचं राहायचं तर तिचं तिला काहीतरी मिळवायला पाहिजे. नाहीतर ती पडवीत परत जाईल. आणि काय मिळवायचं तेही ती ठरवूनच आली होती. वखारवाल्यांच्या थोरल्या काकूंनी तिला हलवा करायला शिकवलं होतं. शहरात दर संक्रांतीला कुणाची नवी सून असते, कुणाच्या लेकराचं बोरनहाण असतं, हलव्याचे दागिने सगळ्यांनाच लागतात. नंदाचं पहिलं बोरनहाण आपल्याकडं आहेच. चार बायका बघतील, विचारतील, पुढच्या वर्षीपासून हाताला काम मिळेल. एवढाच तिचा हिशेब, आणि तो बरोबर होता.

आम्ही दोघी दाजीबानपेठेत गेलो. कापडाच्या दुकानांतून तुकडे स्वस्तात मिळायचे, ते घेतले. काळ्या तुकड्यांचं नंदाला झबलं, आणि रंगीत तुकड्यांचे छोटे बटवे, वाण म्हणून लुटायला. त्या वर्षी विकतचं वाण आम्हाला परवडण्यासारखं नव्हतं. एका दुकानात हलव्याचे दागिने टांगले होते. अव्वानं एक हार हातात घेतला, दाणे बोटानं चाचपले आणि दुकानदाराला ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्याला काटा कुठं हाय?" मी तिचा हात धरून बाहेर आले. लाज वाटली मला. दुकानदार मात्र हसत होता.

काटा आणणं हे काम काय असतं ते आता ऐका. पहाटे, थंडी कडक असताना बसायचं. शेगडीत निखारे अगदी मंद. परातीत तीळ नाहीतर साबुदाणा, त्यावर साखरेचा पाक चमचाभर, आणि बोटांनी हलवत राहायचं. मग पुन्हा चमचाभर. घाई केली की दाणे चिकटतात, आच वाढली की पिवळे पडतात. अव्वा तीन पहाटा बसली. निखारे नीलक्का द्यायची आणि समोर बसून बघायची. तिसऱ्या दिवशी दाण्यादाण्यावर पांढरे शुभ्र काटे उभे राहिले आणि अव्वाच्या उजव्या हाताच्या बोटांची टोकं भाजून लाल झाली. मग दोऱ्यात ओवणं. मुकुट, हार, बाजूबंद, कमरपट्टा, पायातले वाळे. नंदाला ते घालून बघितलं तर ती वाळा तोंडात घालायला धडपडायला लागली, आणि अप्पा गेल्यापासून पहिल्यांदा अव्वा हसली.

हळदीकुंकवाच्या दुपारी बायका यायला लागल्या तशी अव्वा आपण होऊन आत गेली. विधवेनं कुंकवाला पुढं बसायचं नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. मीही "असू दे, बस" म्हटलं नाही. तरी ते पाप एकटीचं नव्हे, गावाशी वाटून घेता येतं. पुढचं मात्र माझं एकटीचं.

आमच्या गल्लीत वकिलीणबाई म्हणजे मोठं प्रस्थ. त्या म्हणाल्या की चांगलं, तर ते चांगलं. त्यांनी नंदाचा बाजूबंद उचलून डोळ्यांजवळ नेला, काटे बघितले, आणि विचारलं, "हे कुठून आणलेत हो?"

माझ्या माहेरची परिस्थिती, परक्याच्या चुलीपुढं राबणारी आई, पडवी, तुकड्यांचं झबलं, सगळं एका क्षणात माझ्यासमोर उभं राहिलं. आणि माझी वळवलेली जीभ म्हणाली, "पुण्याहून मागवले."

नीलक्का तिथंच होती. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, मग नंदाच्या गळ्यातल्या हाराकडं बघून म्हणाली, "भाळ छंद अदाव री." फार सुंदर आहेत, एवढंच. तिनं माझी अब्रू राखली. वाटतं, त्या दिवशी तिनं ती राखायला नको होती.

कारण वकिलीणबाई थांबल्या नाहीत. त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी आमच्या घरी नवी सून असेल, मला पूर्ण साज पाहिजे, आणि माझ्या धाकट्या बहिणीलाही पाहिजे, ती तर आत्ताच मागे लागलीय; तुमचा पुण्याचा पत्ता लिहून द्या. बाकीच्या दोघी-तिघींनीही मान डोलावली. अव्वानं मागितलं होतं ते सगळं माझ्या अंगणात चालत आलं होतं, आणि ते मी पुण्याला पाठवून दिलं. तेव्हासुद्धा बोलता आलं असतं. थट्टा केली म्हणून हसता आलं असतं. मी म्हटलं, पत्ता शोधून देते. आणि बटवे वाटायला लागले. तेही कुणीतरी छान म्हणालं, तर मी म्हटलं, तेही तिकडचेच. खोटं बोलायला लागलं की मग काटकसर कशाला?

संध्याकाळी ह्यांनी अव्वाला विचारलं, कुणी चौकशी केली का दागिन्यांची? मी भाजी ढवळत उभी होते. अव्वा म्हणाली, बायकांना आवडले, पण ज्याला त्याला आपापली दुकानं ठरलेली असतात, जावईबापू. आणि तिनं भाजलेली बोटं पदरात घेतली. दार म्हणजे नुसता पडदा होता, तिनं शब्दन् शब्द ऐकला होता.

वकिलीणबाईंचं घर चार दारं पलीकडं. मी त्या रात्रीनंतर दोन दिवस रोज ठरवायची की जाऊन सांगते. चपला घालायची, दारापर्यंत जायची, काढायची. पुढच्या वर्षी त्यांनी पत्ता पुन्हा विचारला. तोपर्यंत भाद्रपदात अव्वा तापानं गेली होती, अळणावरच्या त्याच पडवीत, एकटी. चुलत भावांनी कळवलं ते सगळं उरकल्यावर. मी वकिलीणबाईंना सांगितलं, ते दुकान बंद पडलं. तेवढं एक वाक्य खोटं नव्हतं.

आता मी त्याच जुन्या हुबळीत आहे, स्वतःच्या घरात. हे जाऊन आठ वर्षं झाली, कुंकवाला मलाही आता कुणी पुढं बसवत नाही, आणि मी स्वयंपाकघरातून सगळं ऐकत असते. पडद्याआडून किती स्वच्छ ऐकू येतं म्हणून सांगू. नंदाची मुलगी ईशा बंगळूरला नोकरी करते. दर डिसेंबरात तिचा फोन, आज्जी, यंदाही हलवा करशील ना, माझ्या मैत्रिणींना हँडमेडच पाहिजे, दुकानातलं नको. ती माझ्या सुरकुतलेल्या हातांचे फोटो काढून सगळ्यांना पाठवते, खाली लिहिते, माझ्या पणजीची पद्धत. मी गॅस बारीक करून बसते. माझ्या हलव्याला काटा येतो, पण बोथट येतो. अव्वा सारे चार-पाच आठवडे राहिली, आणि शिकायचं ते मी तिच्याकडून शिकले नाही. पुण्याला कोण शिकायला जातं?

ईशानं मागं विचारलं, आज्जी, तुझं घर कुठलं गं, अळणावर की हुबळी? अळणावरला तर माझी पडवीही नाही. आणि हुबळीच्या घरात एक बाई राहायला आली होती, तिला मी राहू दिलं नाही. पोरीला मी हुबळी म्हणून सांगितलं. तुम्हाला खरं सांगते, भाड्याच्या त्या दोन खोल्या सोडल्या, हे घर बांधलं, तरी शेगडीपुढची तिची बसायची जागा मी प्रत्येक स्वयंपाकघरात मोकळी सोडत आले. तिथं काही ठेवत नाही. तुम्ही गावातले असा नाहीतर परदेशातले, तुमच्याही घरात अशी एखादी जागा असेल तर तिला घर म्हणा. मला दुसरं काही सुचत नाही.

राहिला तो हळदीकुंकवानंतर तिसऱ्या दिवशीच्या सकाळचा प्रसंग. अव्वानं आपणच पिशवी भरली. परात नंदाला ठेवून जातो म्हणाली. ह्यांनी खूप आग्रह केला, तिनं हसून टाळलं. मी नंदाला कडेवर घेऊन तिला पोचवायला एकटीच स्टेशनवर गेले. अळणावरची गाडी लागलेली होती. मी म्हटलं, राहा की अजून थोडे दिवस, आणि माझं मला कळलं की पाहुण्यांना म्हणतात तसं म्हटलं. तिनं नंदाच्या गालाला भाजलेल्या बोटांनी हात लावला, मग पटकन काढून घेतला, टोचेल म्हणून. गाडीत चढून खिडकीशी बसली. मला वाटलं आता बोलेल, शिव्या देईल, निदान रडेल. गाडी हलायच्या आधी ती खिडकीतून खाली वाकली आणि हळू आवाजात म्हणाली,

"गावात कुणी विचारलं तर लेकीकडं जागा लहान हाय म्हणून सांगतो मी. तू बी तेच सांग. दोघींचं एकच असू दे."